ट्रॉलीला उतार, ताईला पायऱ्या

नोकरी लागली त्या दिवशी दर्शनाताईने पाणी पिणं सोडलं.

ताई गव्हाणची. लहानपणच्या पोलिओमुळे व्हीलचेअरवर. पळस्प्याच्या ज्या गोडाऊनमध्ये मी पॅकिंग करतो, तिथे ती ड्रायव्हर लोकांचे फोन घ्यायची.

त्याआधी सगळीकडून खुर्ची बघूनच नकार.

इथल्या इंटरव्ह्यूत साहेबांनी विचारलं, "तुम्हाला सगळं जमेल ना?"

"सगला तर तुमाला पण जमत नसल, साहेब. फोन जमतोय."

साहेब हसले. घेतलं तिला.

पण ड्युटी संपेपर्यंत ताई पाण्याचा घोट घ्यायची नाही. मला उगाच काळजी करायची सवय. एकदा विचारलंच.

"बाथरूमला दोन पायऱ्या हायेत. दरवाजा अरुंद, खुर्ची जात नाय. प्यायलेला पाणी नेऊ कुठं?"

"मग साहेबांना सांग ना."

"आन् ते बोलतील, हिला ठेवली आन् खर्च वाढला. उद्या दुसरी कोण खुर्चीवाली आली तर तिला गेटवरूनच परत."



मग ताईला लघवीचं इन्फेक्शन झालं. डॉक्टर म्हणाले, पाणी प्या, नाहीतर काम सोडा.

ताई कामावर परत आली ती थेट लोडिंगच्या गेटवर. खुर्चीला 'नाजूक माल' असा स्टिकर.

हमालांना म्हणाली, "मला बाथरूमला पोचवा."

साहेब बाहेर आले. "काय चाललंय दर्शना?"

"ट्रॉलीला सगलीकडं उतार हाय, साहेब. म्हटला, आज माल होऊन बघू."

कोणी हसलं नाही.

साहेब बाथरूमपर्यंत गेले. त्या पायऱ्यांकडे बघत राहिले. रोज त्याच चढायचे.

थोड्याच दिवसांत लोखंडी उतार बसला, दरवाजा रुंद झाला.

त्या दुपारी ताईने माझी बाटली मागितली. सगळी संपवली.

"थंड नाय रे तुजा पाणी."

मागच्या वर्षी आजच्याच दिवशी ताई गेली. घरीच, हार्ट अटॅकने.

आता मी कुठेही गेलो, बँकेत, दवाखान्यात, उलव्याच्या नव्या ऑफिसांत, की आधी बाथरूमचा दरवाजा बघतो. खुर्ची जाईल का?

आणि तिथे काम करणाऱ्यांकडे बघतो. पाणी कोण पीत नाही?

ताई, तुझ्या जागेवर हल्लीच एक मुलगी आली आहे. व्हीलचेअरवर. तिला गेटवरून परत पाठवलं नाही.

दिवसभर पाणी पिते.

तुझ्याबद्दल तिला अजून काही माहीत नाही. आज सांगतो.

येतो ताई. मनापासून नमस्कार.