आमची माती, त्यांची गाय

उकंडराव मास्तर गेल्याची बातमी आली तेव्हा मी दुकानात गूळ तोलत होतो. पाटील स्वतः पायरीवर येऊन बसले आणि म्हणाले, "मास्तर गेले रे, भाऊ." मी तोलणं पुरं केलं, गिऱ्हाइकाला गूळ दिला आणि मग दुकान बंद केलं. आज त्याला काही आठवडे झाले. पण मास्तरांविषयी लिहायला बसलो की दुःख बाजूलाच राहतं. त्या पार्सलाच्या दिवसांतली धांदलच आधी आठवते...

मेडशीजवळच्या आमच्या लहान गावात मास्तर प्राथमिक शाळा चालवत. नागपूरच्या एका शिबिरात त्यांना डेन्मार्कच्या शाळेतल्या एक बाई भेटल्या, आणि दोन शाळांनी एकमेकींना मुलांच्या हातच्या वस्तू पाठवायच्या असं ठरलं. हा देश कुठे आहे ते मी शाळेच्या नकाशावर दोरा धरून मोजून पाहिलं, तर दोरा पुरला नाही! त्यांच्याकडून पहिल्यांदा चित्रं आली. घरं, झाडं, छपरांवर पांढरं काही. पाटलांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "छपरावर कापूस काहून वाळू घातला यायनं?" बर्फ म्हणजे काय हे मास्तरांनी अख्ख्या गावाला पारावर समजावून सांगितलं. त्या दिवशी शेतावर उशिरा गेलेल्यांत पाटीलही होते.

आता उत्तर आपलं. मास्तर म्हणाले, पोळ्याचे मातीचे बैल पाठवू. मुलांनी नाल्याची काळी माती मळून बैल केले, शिंगं रंगवली, पाठीवर झुली काढल्या. चहाच्या खोक्यात कापूस भरून त्यात ते बसवले. मास्तरांना एकच घोर होता. त्यांची चित्रं येऊन बरेच महिने झाले होते. "आपलं काही पोचलं नाई तर ते लोक इसरतीन आपल्याले, भाऊ. मंग पोरायले काय सांगू?" असं ते मला रोज विचारत.

खोकं माझ्या काट्यावर तोललं आणि वजन कागदावर लिहून वर चिकटवलं. संध्याकाळी गावाने त्याची पूजा केली. सातासमुद्रापार निघालेली वस्तू नारळाशिवाय कशी जाणार? प्रत्येक आळीने आपापला नारळ आणला, पाटलांनी एकेक फोडला आणि पाणी भक्तिभावाने थेट खोक्यावर वाहिलं. ढोल वाजत होता. कोणाच्याच डोक्यात काही आलं नाही.

सकाळच्या मोटारीने मी आणि मास्तर आमच्या तालुक्याच्या मालेगावच्या पोस्टात गेलो. तिथले बाबू म्हणाले, "लिहिल्यापेक्षा जास्त भरून राह्यलं हे." मला राग आला. "माझा काटा चुकत नाई, साहेब!" असं मी ठणकावलं. मास्तर मात्र खोक्याकडे पाहत राहिले, मग त्यांनी फळी उचकटली. ओल्या कापसात बैल नव्हते. चिखलाचा एक गोळा होता, त्यातून एक रंगीत शिंग वर आलेलं.

मास्तर खाली बसले. मी म्हणालो, "चला, परत नेऊ." त्यांनी चिखलातलं ते शिंग बोटाने पुसलं. मग एकदम उठले आणि हसायलाच लागले. "कायले परत न्याचं? माती तं तीच हाये ना? वाळवू अन् हेच पाठवू. म्हनू, बैल आमी केले होते, आता तुमी करा!"

आणि तसंच केलं. माती उन्हात वाळवून, पुन्हा तोलून, कोऱ्या खोक्यातून रवाना केली. पुढचे महिने मास्तर रोज पोस्टमनच्या वाटेवर उभे असत. शेवटी एक डबा आला. आत आमच्याच मातीची, भट्टीत भाजलेली एक गाय! गाव शाळेत लोटलं. पाटलांनी ती तळहातावर घेतली आणि ते ओरडले, "अरे, हिले वशिंडच नाई! बापा, मास्तर, तिकडच्या गाई अशाच सपाट का?" मास्तर धोतराच्या सोग्याने डोळे पुसत नुसती मान हलवत होते. तेव्हापासून दर पोळ्याला इकडून मातीचा गोळा जायचा आणि तिकडून काहीतरी घडून यायचं.

यंदा पोळा मास्तरांवाचून झाला. नव्या मास्तरांना यातलं काही ठाऊक नाही, म्हणून हे सगळं संपलं असं मी धरून चाललो होतो. दुसऱ्या दिवशी, पोरांच्या तान्ह्या पोळ्याच्या सकाळी दुकान उघडलं, तर शाळेतल्या पोरी नाल्याची माती घेऊन पायरीवर उभ्या. "काका, तोला. पाठवाची हाये." मागे मास्तरांच्या पत्नी सुभद्राबाई. त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, नारळ फोडाचा तं लांब फोडजा."

मला इंग्रजी येत नाही. पण डेन्मार्कच्या त्या बाईंच्या पाकिटावरचा पत्ता मी अक्षराला अक्षर लावून उतरवला आहे, आणि सुभद्राबाईंनी तो दोनदा ताडून पाहायला लावला. माती अजून ओली आहे. वजन घाईने करायचं नाही, पुरती वाळू द्यायची, हा मास्तरांचा नेम. दुकानाच्या ओट्यावर ऊन पडलं आहे तिथे गोळा ठेवलाय, आणि गिऱ्हाईक नसलं की मी उठून त्याची बाजू पालटतो.