ओट्यावरची दाढी

फिटर मामांनी उभ्या आयुष्यात घराच्या आत दाढी केली नाही. घरात मोरी होती, पुढे नळही आला; पण सकाळी कामावर निघण्यापूर्वी मामा ओट्यावर पाट टाकून, रस्त्याकडे तोंड करून बसायचे. समोरच्या खांबाच्या खिळ्याला आरसा, उजव्या हाताला पितळी वाटीत साबण, डाव्या हाताला गरम पाण्याचा गडू. पावसाची झड लागली तरी हा क्रम मोडत नसे. मामी छत्री धरून मागे उभ्या राहायच्या आणि शेजारच्यांना ऐकू जाईल असे बडबडायच्या, "पाऊस आला का लोकं घरात घुसतात, अन् हा माणूस साबन लावून बाहेर बसते." मामांचे उत्तर ठरलेले होते, "घरात केली तं कोणाले दिसंल?"

या उत्तराचे लोकांनी काय केले, ते सांगण्यासाठी मी लेखणी उचलली आहे. मामा वारले, आणि गेल्या महिन्यात त्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम विहारात झाला. सरपंचांनी भाषणात सांगितले की मामा मोठे शौकीन, त्यांना चेहरा दाखवायची हौस होती. लोक प्रेमाने हसले. मी हसलो नाही. दुसऱ्या एका वक्त्याने मामांच्या सेफ्टी रेझरमध्ये स्वावलंबनाचा आदर्श पाहिला. मी मान हलवली नाही. दुसऱ्याचा हात मिळाला नाही म्हणून माणसाला आपला हात वापरावा लागतो, त्याला आदर्श म्हणणे हा अजाणपणा तरी असतो किंवा लबाडी तरी. तिसरे भाषण गावच्या न्हाव्याच्या नातवाचे झाले. ते ऐकून मी उठून उभा राहिलो. मी का उठलो, हे नीट कळण्यासाठी आधीची हकिकत ऐकावी लागेल. ती मी सांगतो, कारण ती पाहिलेल्यांपैकी बोलू शकणारा मीच उरलो आहे.

मामा माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. चिखलीच्या एका कापसाच्या जिनात ते फिटर होते आणि आमच्या गावाहून रोज सायकलने जात. आमची बौद्धांची वस्ती बसथांब्याच्या वाटेवर, आणि त्या वाटेवरचे पहिले घर मामांचे. गावात न्हावी एकच, गणपत. चावडीजवळच्या आपल्या ओट्यावर तो गावाची डोकी करायचा. आमच्या माणसांना त्याने तोंडावर कधी नाही म्हटले नाही. त्याचे उत्तर मऊ असे, "आज वस्तऱ्याले धार नाही, भाऊ." ती धार आमच्या वाट्याला कधीच आली नाही. अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झाला होता. पण कायदा काही दाढी करून देत नाही.

म्हणून आमची माणसे बाजाराच्या दिवशी परगावी, जिथे ओळख नसेल अशा ठिकाणी दाढी करीत. मामाही एकदा असेच एका बाजारगावी झाडाखालच्या न्हाव्यापुढे बसले. एक गाल झाला. न्हाव्याने सहज विचारले, "कोणाकडचे पाव्हणे?" दुसरा एखादा असता तर खोटे नाव सांगून मोकळा झाला असता. मामांनी गाव सांगितले, वस्ती सांगितली. न्हाव्याने वस्तरा मिटला आणि हात धुतले.

अशा वेळी आपले लोक टॉवेलने तोंड झाकून घराकडे वळत. मामांनी टॉवेल खांद्यावरच ठेवला. एका गालावर वाळलेला फेस घेऊन ते सायकलवर बसले, भर उजेडात गावात शिरले, चावडीवरून मुद्दाम हळू गेले आणि दुसऱ्या दिवशी तसेच जिनात कामावर हजर झाले. मुकादमाने विचारले, "काय बे फिटर, अर्धीच?" मामा म्हणाले, "बाकीची त्याच्याकडं राह्यली." त्याच संध्याकाळी चिखलीच्या दुकानातून त्यांनी सेफ्टी रेझर, ब्रश आणि पात्यांची पुडी आणली, आणि पुढच्या सकाळी ओट्यावर पाट पडला. शौक म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. ज्या गावाने अर्धी दाढी पाहिली होती, त्याच गावाला पुरी दाखवायची होती.

त्यांची दाढी पाहण्यासारखी होती हे मात्र मी मान्य करतो. पाते ते धारेला बोट न लावता दोन आखूड कडांनी धरीत, दोन पट्ट्यांमध्ये बसवीत आणि दांडा फिरवून आवळीत. साबणाचा फेस दह्यासारखा घट्ट होईपर्यंत रेझरला हात लावत नसत. "दाबाचं नाही," ते म्हणायचे. "वजन मशीनचं. हात फक्त रस्ता दाखवते." आधी केसांच्या कलाने, मग पुन्हा साबण लावून उलट्या हाताने, शेवटी तुरटी. हा उलटा हात गणपतला खपत नसे. थांब्याकडे जाताना तो रस्त्यावरून ओरडायचा, "फिटर, उलटा हात मारू नको, कातडं सोलशील." मामा आरशातून नजर न हलवता म्हणत, "माह्यंच कातडं हाय, गणपत. तुले थोडंच हात लावा लागते?"

गावचे पाटील एकदा जाता जाता थांबले. टोमणा मारल्याशिवाय त्यांचा पाय पुढे पडत नसे. "काय फिटर, रोज नवरदेव होतं काय बे?"

"हाव पाटील," मामा म्हणाले. "तुमच्या गावात आमच्या नवरदेवाले न्हावी भेटत नाही ना, म्हणून तयारीत राहतो."

हे नुसते तोंडाचे बोल नव्हते. लग्नात नवरदेवाची दाढी मांडवापुढे करायची आणि ती करणाऱ्या न्हाव्याला शेला-नारळाचा मान द्यायचा, ही गावाची रीत. आमच्या मांडवापुढे तो मान घ्यायला कोणी येत नव्हते. मामांनी ती जागा घेतली. वस्तीतल्या प्रत्येक नवरदेवाला ते आपल्या ओट्यावर बसवायचे, नवे पाते काढायचे आणि वाजंत्रीवाल्यांना सांगायचे, "वाजवा रे, रस्त्याकडं तोंड करून." दाढी झाल्यावर मान मागूनच घेत. "न्हाव्याचा मान पुरा द्या. अर्धं काई चालत नाही मले." माझ्या लग्नात मी नुकताच शाळेवर लागलो होतो आणि माझी हनुवटी थरथरत होती. मामा हळूच म्हणाले, "गुरुजी, हालू नका. लग्न तुमचं हाय, पातं माझं हाय." त्या दिवशी गालावर जो गारवा होता तो मला अजून आठवतो.

गणपतवर मामांचा राग होता, पण आंधळा नव्हता. वर्षभराच्या कामाबद्दल गणपतला खळ्यावरून ज्वारी मिळायची, आणि आम्हाला हात लावलास तर सूप रिकामे जाईल, असे मोठ्या शेतकऱ्यांनी त्याला बजावले होते. मामांना हे ठाऊक होते. ते म्हणायचे, "वस्तरा त्याचा कुठं हाय? खळ्याचा हाय." पण एवढे समजूनही त्यांनी त्याला सूट दिली नाही. माणसाची अडचण समजली म्हणजे हिशेब मिटला, असे त्यांना वाटत नसे. मलाही वाटत नाही.

पुढे ज्वारीची रीत मोडली. गणपतने डोके टेकायची खुर्ची आणून दुकान थाटले आणि ते सगळ्यांना खुले झाले. आमची पोरे जाऊ लागली. मामांनी कोणाला अडवले नाही. उलट सांगायचे, "जा. पाय लांब करून बसा." स्वतः मात्र गेले नाहीत. एका सकाळी गणपत स्वतः ओट्यासमोर येऊन उभा राहिला. "फिटर, आता या ना दुकानात. नवी खुर्ची आणली."

मामांच्या तोंडाला साबण होता. त्यांनी ब्रश खाली ठेवला. "धार आली काय वस्तऱ्याले?"

गणपत आला तसा परत गेला. 

त्यानंतर पुष्कळ वर्षांनी गणपतला अर्धांगवायूचा झटका आला. मुलाने दुकान चिखलीला नेले होते; तो सवडीने येई. गावाची डोकी करणारा माणूस छातीपर्यंत दाढी वाढवून बाजेवर पडला. मामांनी ते येता-जाता उघड्या दारातून पाहिले. एका सकाळी त्यांनी मला बोलावणे धाडले. मी गेलो तर रेझर, ब्रश, वाटी, सगळे फडक्यात बांधलेले. "गुरुजी, गरम पाण्याचा गडू घ्या अन् चला."

गणपतच्या बायकोने दार उघडले, चकित झाली आणि म्हणाली, "या ना फिटर, आत या." ज्या उंबऱ्याच्या आत आमच्यापैकी कोणाला कधी बोलावले नव्हते, तो उंबरा उघडा होता. मामा म्हणाले, "आत नाही, वहिनी. त्यायले बाहेर आणा. ओट्यावर." आम्ही दोघांनी गणपतला बाजेवरून खुर्चीत बसवले आणि खुर्चीसकट उचलून बाहेर आणले. समोर चावडी. चावडीवर माणसे होती. ती मान वळवून पाहू लागली.

मामांनी आधी कात्रीने दाढी उतरवली, मग फेस केला. एक गाल झाला. गणपतची जीभ जड झाली होती, तरी कारागिराची खोड गेली नव्हती. तो पुटपुटला, "फिटर... उलटा हात... नको."

"तू शिकवलं असतं तं सुलटा आला असता," मामा म्हणाले.

आणि थांबले. एका बाजूला साफ गाल, दुसऱ्या बाजूला फेस. मामांनी रेझर फडक्याला पुसला आणि रस्त्याकडे पाहत राहिले. बाजारातल्या त्या अर्ध्या दाढीची गोष्ट गावात कोणाला ठाऊक नव्हती? गणपतलाही ठाऊक होती. त्याचा चांगला हात खुर्चीच्या दांडीवर आवळला गेला. "अर्धी... ठेवतं काय, फिटर?"

मामांनी दांडा फिरवून पट्ट्या सोडवल्या. "नाही. धार गेली याची. नवं पातं टाकून राह्यलो."

त्यांनी पुडीतून नवे पाते काढले, बसवले आणि दुसरा गाल केला. उलट्या हातानेच केला. तुरटी फिरवली. आरसा गणपतच्या तोंडासमोर धरला. गणपतने बराच वेळ पाहिले आणि मग न्हावी गिऱ्हाइकाचा गाल तपासतो तशी चांगल्या हाताची बोटे स्वतःच्या गालावरून फिरवली. काही खोट काढली नाही.

परतताना मी विचारले, "मामा, माफ केलं म्हणायचं का त्याला?"

"माफी मागतली कोणं?" मामा म्हणाले. "दाढी वाढली होती त्याची. अन् म्हणलं, गावाले एकदा पाहू द्या, पुरी कशी करतात ते."

त्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात गणपतचा नातू, नीलेश, बोलायला उभा राहिला. चिखलीचे दुकान आता तोच चालवतो. गरीब स्वभावाचा, मनाने निर्मळ मुलगा. तो म्हणाला, "माह्या आजोबानं आमच्या ओट्यावर स्वतःच्या हातानं फिटर मामाची दाढी केली, अन् गावातला जुना भेद मिटला." टाळ्या पडल्या. मी उठलो आणि जे घडले ते सांगितले. सरपंच माझ्या बाहीला धरून म्हणाले, "गुरुजी, आता काऊन उकरून काढून राह्यले? पोरगा चांगलंच तं बोलला."

चांगले बोलला, यात शंका नाही. पण त्या चांगल्या गोष्टीत देणारा कोण आणि घेणारा कोण, याची अदलाबदल झाली होती. गावाला ती सोयीची आहे. तिच्यात गाव शेवटी उदार होते आणि मामा शेवटी खुर्चीत बसतात. मी सभेत म्हटले ते इथे पुन्हा लिहितो: जे मामांनी आयुष्यभर घेतले नाही, ते त्यांच्या मागे त्यांच्या पदरात टाकू नका.

मी म्हाताऱ्या माणसाचा हट्ट धरून शोकसभेचा विरस केला, असे गावात बोलले जाते. बोलू द्यावे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नीलेश माझ्या घरी आला. चहा घेतला. मग म्हणाला, "गुरुजी, आजोबा अर्ध्या दाढीवर भ्याले होते काय?"

"हो."

"अन् मग?"

"मग पुरी झाली."

"आमच्या घरी असं कोणं सांगतलंच नाही," तो म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार होती, माझ्याविरुद्ध नव्हती.

मामांचा रेझर मामींनी मला दिला आहे. पुण्याहून माझ्या मुलाने बॅटरीवर चालणारे यंत्र पाठवले, ते कपाटात आहे. मी सकाळी माझ्या ओट्यावर, रस्त्याकडे तोंड करून बसतो. हात पूर्वीसारखा राहिलेला नाही. कधी हनुवटीवर रक्ताचा ठिपका दिसतो, तोही उजेडातच दिसतो. ज्यांना माझी हकिकत मान्य नसेल त्यांनी त्या वेळी यावे, मी तोंडाला साबण असतानाही वाद घालू शकतो.

परवा नीलेश मोटारसायकलवरून दुकान उघडायला निघाला होता. मला पाहून त्याने वेग कमी केला. "गुरुजी, उलटा हात जपून."

"अजून एक गाल बाकी आहे," मी म्हटले.

त्याने गाडी बंद केली, आणि तो गाल पुरा होईपर्यंत रस्त्यात थांबला.