खोडरबर काकू आणि वर्तुळातला वकील

खोडरबर काकू हे नाव कोणी ठेवले याविषयी एकमत नाही. तीन वाचक हा मान स्वतःकडे घेतात, आणि तिघेही विश्वासार्ह नाहीत. निर्विवाद आहे ते एवढेच, की वाचनालयाच्या दुपारच्या पाळीत काउंटरमागे बसलेल्या या बाई मान वर न करता पुस्तकात रबर घाशीत असत, आणि त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी माणसेही त्यांना काकूच म्हणत.

घासण्याचे कारण असे. रहस्यकथांच्या कपाटातल्या बहुतेक पुस्तकांत, साधारण मध्यावर, कोणीतरी एका पात्राच्या नावाभोवती पेन्सिलीने गोल करून शेजारी ठसठशीत उद्गारचिन्ह ठोकलेले असे. अर्थ उघड होता: खुनी हाच. वाचक तणतणत पुस्तक परत आणी.

"काकू, कुणीतरी खुनी सांगून टाकलाय! आता उरलेल्या पानांत वाचायचं काय, पडद्यांचे रंग?"

काकू रबर घेत. पण घासलेला गोल आधीच्या गोलापेक्षा जास्तच डोळ्यांत भरे.

त्यांनी स्वतः मात्र त्यातले एकही पुस्तक वाचले नव्हते. "पहिल्या प्रकरणात माणूस मरतो आणि शेवटपर्यंत त्याच्यासाठी कुणी रडत नाही, असलं काय वाचायचं?" असा त्यांचा आक्षेप होता, तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

वाचनालयाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते, आणि हलताना दिसले की उपटायचे ही सवय त्यांना समितीतही सुटत नसे. त्यांनी जाहीर केले, "रहस्यकथा आता कुणी नेत नाही. ते कपाट रद्दीत काढू आणि तिथे परीक्षांची पुस्तकं लावू. ती मुलं सकाळी येतात. म्हणजे दुपारची पाळीही नको." पुढच्या बैठकीत तसा ठराव येणार होता.

दुपारची पाळी बंद म्हणजे काकूंची दुपार घरी, आणि घरी यजमान. ते निवृत्त इमारत-तपासनीस. तडा गेलेल्या भिंतीसमोर उभे राहायचे, तड्याभोवती पेन्सिलीने गोल करायचा आणि कोणाचे काही ऐकून न घेता पुढच्या इमारतीकडे निघायचे, यात त्यांचा जन्म गेला होता. आता ही नजर स्वयंपाकघराकडे वळली होती. "दूध का उतू जातं सांगू? तू त्याच्याकडे पाठ करतेस म्हणून." काकूंनी संसारात पुष्कळ सोसले होते, पण दुपार त्यांची स्वतःची होती, आणि ती सोडायची त्यांची तयारी नव्हती.

पेन्सिलवाला पकडला की वाचक परततील, वाचक परतले की कपाट राहील, कपाट राहिले की दुपार राहील. काकू तपासाला लागल्या आणि तपास पाच मिनिटांत संपला. औषधवाले म्हणून ओळखले जाणारे एक गृहस्थ रोज दुपारी येत. जन्मभर औषधांचे दुकान चालवलेले, कपाटातले प्रत्येक पुस्तक दोनदा-तीनदा वाचलेले, आणि शब्दकोड्यासाठी कानावर कायम पेन्सिल खोचलेली.

"या वयात शोभतं का हे तुम्हाला?"

"काय हो काकू?"

"कानावर काय आहे?"

"पेन्सिल."

"झालं तर मग!"

औषधवाले लालबुंद झाले. "अख्ख्या गल्लीची दुखणी मी पोटात ठेवली. शेजाऱ्याला कसलं मलम लागतं ते बायकोलासुद्धा कळू दिलं नाही. आणि मी खुनी फोडीन?" त्यांनी वाचनालयाचे कार्ड काउंटरवर आपटले आणि ते निघून गेले. त्यांच्याबरोबर त्यांच्या बाकावरचे दोन मित्रही उठले. दुपार ओस पडली. अध्यक्षांचे काम काकूंनीच करून टाकले होते.

आता निदान पुरावा तरी हवा. पण गोलाला हस्ताक्षर नसते. म्हणून पानांत आणखी काही माग लागतो का हे पाहायला काकूंनी कपाटातले एक जुने, नावाजलेले पुस्तक घरी आणले आणि नाइलाजाने वाचायला घेतले. एका श्रीमंत आत्याबाईंना विष दिले जाते. घरात चौघे: वकील, पुतण्या, नर्स आणि आचारी. गोल वकिलाभोवती. साहजिकच वकील खोकला तरी काकूंना त्यात पाप दिसे. शेवटी गुप्तहेराने सगळ्यांना दिवाणखान्यात बसवले, तो वकिलासमोर येऊन थांबला, आणि त्याला ओलांडून पुढे गेला. कोणाकडे, हे येथे नोंदवणे उचित नाही.

काकू भडकल्या. ही सरळसरळ लबाडी होती! ती पकडण्यासाठी त्या पाने उलटी चाळत मागे गेल्या. पाहतात तो, खुणा सगळ्या जागच्या जागी. दडवलेले काहीच नव्हते. उजेडात, नाकासमोर मांडलेले होते, आणि काकू वकिलाचा खोकला ऐकण्यात गुंतल्या होत्या. इतक्या सभ्यपणे त्यांना आजवर कोणीच फसवले नव्हते. त्यांनी पहिले पान पुन्हा उघडले.

यजमान शेजारून जाता जाता म्हणाले, "अजून तेच? अगं, वकील आहे तो. मी मागेच शोधून ठेवलाय."

"मागे म्हणजे कधी?"

"फाटकी पुस्तकं तू डिंक लावायला घरी आणतेस ना, तेव्हा चाळतो मी. गोल केलाय बघ."

काकूंनी पुस्तक मिटले. "अहो, शेवट वाचलात का?"

"कशाला? तडा सापडल्यावर उरलेली भिंत कोण बघत बसतं?"

काकूंनी त्यांना खुर्चीत बसवले आणि शेवटचे प्रकरण मोठ्याने वाचून दाखवले. यजमानांनी शांतपणे ऐकले, विचार केला आणि निकाल दिला, "लेखकाचं चुकलंय."

"अहो, खून त्याने घडवलाय!"

"असेल. पण पाहणी माझी आहे."

काकूंनी आणखी काही पुस्तके तपासली. यजमानांचा अंदाज क्वचितच बरोबर होता. एका ठिकाणी तर गोल मयताच्याच नावाभोवती होता.

दुसऱ्या दिवशी काकू औषधवाल्यांच्या दारात उभ्या राहिल्या. "चुकलं माझं. गुन्हेगार आमच्याच घरचा निघाला. आणि तो वकिलाचा गोल आहे ना, तो साफ—"

"शू! हळू बोला, सूनबाईला ते पुस्तक अजून वाचायचंय. मला माहीत आहे सगळं. ते सगळे गोल कसले आहेत तेही माहीत आहे."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? चौघांतला एक नाही म्हटलं की उरले तीन. म्हणजे पाव रहस्य फोडलंच की मी! शेवटाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, असा आमच्यात नियम आहे."

"अहो, कपाट रद्दीत जाईल!"

"जाईल. पण न फुटता जाईल."

काकूंना त्यांच्या डोक्यात काहीतरी घालावेसे वाटले. पण त्या माफी मागायला आल्या होत्या. एकूण प्रकार असा होता: ज्यांनी पुस्तके पूर्ण वाचली ते नियमाने गप्प, आणि ज्यांनी अर्ध्यात टाकली तेच बोलत सुटलेले.

बैठकीला औषधवाले जुने सभासद म्हणून मागच्या खुर्चीत येऊन बसले. अध्यक्षांनी ठराव मांडला. "मी अनुभवाने सांगतो. आत्याबाईंच्या विषाचं ते पुस्तक मी हौसेनं नेलं होतं. मध्येच वकिलाभोवती गोल! मिटलं आणि परत केलं. खुनी कळल्यावर त्यात उरतं काय?"

काकूंनी मागे पाहिले. औषधवाले मान हलवून नको म्हणत होते. काकूंनी दुपारचा विचार केला.

"डॉक्टर, वकील नाही."

मागून कण्हल्यासारखा आवाज आला. "काकू! पाव फोडलंत!"

अध्यक्ष थांबले. "नाही? मग कोण?"

"ते पुस्तकात आहे."

"अहो, नुसतं नाव सांगा, ठराव पुढे सरकू दे!"

"दुपारी या. कार्ड घेऊन."

"दुपारी माझा दवाखाना असतो!"

"माझं वाचनालय असतं," काकू म्हणाल्या.

ठराव त्या दिवशी पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. अध्यक्ष दुसऱ्या दिवशी दुपारी आले. एका रुग्णाला तोंडात कापूस धरायला सांगून आले होते, असे म्हणतात. पुस्तक घेऊन गेले, चार दिवसांनी परत आले आणि ते काउंटरवर न ठेवता तसेच हातात धरून उभे राहिले.

"वाढवून द्या."

"खुनी कळला ना?"

"कळला. पण मला कसं बनवलं ते कळलं नाही. पहिल्यापासून बघतो."

पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी ठरावाचा विषयच काढला नाही. उलट, आत्याबाईंच्या पुस्तकाची दुसरी प्रत का नाही, अशी विचारणा केली. दुपारची पाळी चालू आहे आणि काकू हल्ली गोल घाशीत नाहीत; गोल खरा की खोटा हे पाहण्यासाठीच लोक पुस्तके नेऊ लागले आहेत. औषधवालेही बाकावर परतले, पण काकूंना त्यांनी माफ केलेले नाही. त्या वकिलावर संशय घेण्यात जी मजा होती, ती काकूंनी भर बैठकीत फुकट वाटून टाकली, असे त्यांचे म्हणणे आहे. आणि त्यात तथ्य आहे, हे काकूही मान्य करतात.