विलायतेला निघालेला माझा कप

‘शिकायला? तू?’

एवढंच बोलून डॉक्टर हसले. माझ्या हातातला अर्ज त्यांनी घेतला, उलटसुलट पाहिला. तेवढ्यात त्यांच्या पत्नी, वहिनीसाहेब, आमटीचं गरम पातेलं घेऊन आल्या. डॉक्टरांनी अर्ज टेबलावर पसरला आणि पातेलं त्यावर ठेवायला लावलं. टेबलाचं पॉलिश खराब व्हायला नको म्हणून. जेवायला पाहुणे होते. तेही हसले. मी भिंतीशी उभी, कडेवर डॉक्टरांची पोर. जेवणं उरकेपर्यंत मी त्या पातेल्याकडंच बघत होते.

तो अर्ज विलायतेतल्या एका दवाखान्याचा होता. तिथं नर्सिंग शिकायला मुली घेत होते. तीन वर्षं शिक्षण, शिकता शिकता पगार, पास झालं की नोकरी आणि तिकडंच राहायची सोय. एका ओळखीच्या सिस्टरनं तो मला आणून दिला होता. मी मॅट्रिक. म्हसवडच्या शाळेत दाराशी बसून शिकले, पण पहिल्या श्रेणीत पास झाले. दुष्काळात गाव सोडून आम्ही सांगलीला आलो. आये डॉक्टरांच्या बंगल्याचं अंगण झाडायची. मी सकाळी त्यांच्या दवाखान्यात आया, दुपारनंतर बंगल्यावर पोरीला सांभाळायला. अर्जाला एकच गोष्ट कमी होती. जिथं काम करते तिथल्या मालकाचं पत्र.

डॉक्टर स्वतःही विलायतेलाच निघाले होते. ऊसवाल्यांचं घर, कशाला काही कमी नाही. रोज जेवताना एकच चर्चा. पुढच्या शिक्षणासाठी जावं, की सरळ नोकरी धरून जावं? शिकायला गेलं तर डिग्री मिळते, मान मिळतो. नोकरीवर गेलं तर बायकापोरं लगेच नेता येतात, कायमचं राहता येतं. दोन्ही दारं सताड उघडी, आणि हा माणूस महिनाभर उंबऱ्यावर उभा राहून कुरकुरत होता. मला त्याचा राग यायचा. खरं सांगते, हेवाही वाटायचा.

शेवटी त्यांनी नोकरी धरली. माझं काय करायचं तेही त्यांनीच ठरवलं.

‘तुला आम्ही नेतो. घरकामाला. तिकीट माझं, पासपोर्टच्या कागदावर सहीसुद्धा मी करतो. दोन वर्षं काम कर, मग शिक्षणाचं बघू.’

‘आन पत्र, सायेब?’

‘पत्र कशाला? तुमच्यात कुणी विमान तरी बघितलंय का?’

आयेला सांगितलं. तिनं खराटा खाली टाकला आणि माझे दोन्ही हात धरले. ‘जा पोरी. कामाला जा न्हाईतर शिकाय जा, आपल्याला काय त्येचं? हितनं सुटतीस न्हवं? ह्यो खराटा तुज्या हातात न्हाई आला म्हंजे झालं.’

मी हो म्हणाले. हे सांगताना आजही लाज वाटते, पण म्हणाले. वाटलं, एकदा समुद्र ओलांडला की हे सगळं मागं राहील. तिकडं कुणाला माहीत आपण कोण? अर्ज मात्र फेकून दिला नाही. मधोमध पातेल्याचा गोल डाग पडला होता. घडी घालून ट्रंकेत ठेवला.

जड सामान बोटीनं आधी जायचं होतं. माझ्या कागदांवर सही व्हायची राहिली होती, पण डॉक्टरांच्या पेट्या भरायला लागल्या. वहिनीसाहेब चिनी मातीच्या कपबशा रद्दीत गुंडाळत होत्या. मी रद्दी फाडून देत होते. कपांना हात त्याच लावत होत्या.

तेवढ्यात पोर मागच्या पडवीत पळाली आणि तिथल्या कोनाड्यातला माझा कप घेऊन आली. कान तुटलेला. दोन बोटांच्या चिमटीत कड धरलेली, हात अंगापासून लांब, फ्रॉकला लागू नये म्हणून.

‘आई, हिचा कप राहिला.’

‘शहाणी गं बाय माझी!’ वहिनीसाहेब खूश झाल्या. ‘बरी आठवण केलीस. तिकडं गेल्यावर हिच्यासाठी वेगळा कुठं शोधायचा?’ मग माझ्याकडं वळल्या. ‘घे, तुझा तूच गुंडाळ. या पेटीत नको. बुटांच्या पेटीत टाक.’

या पोरीला मी न्हाऊ घातलं होतं. ताप आला की ती माझ्याच खांद्यावर झोपायची. चार वर्षांची. डावा बूट कुठला, उजवा कुठला ते अजून तिला कळत नव्हतं. माझा कप कसा धरायचा ते मात्र कळत होतं.

मी निघायच्या आधीच माझा कप निघाला होता. बुटांच्या पेटीतून, बोटीनं, विलायतेला.

मी तो गुंडाळला नाही. जेवणाच्या टेबलावर नेऊन ठेवला, मधोमध, जिथं ते पातेलं ठेवलं होतं.

‘वहिनीसायेब, ह्यो हितंच ऱ्हाऊ द्या. मीबी न्हाई येत.’

डॉक्टर बाहेर आले. काय झालं ते ऐकलं. ‘माज आलाय का? सही करणार नाही. पत्र देणार नाही. बघतो तू विलायतेला कशी जातेस ते.’

‘बघा,’ मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना साहेब न लावता बोलले.

त्याच दिवशी माझं काम गेलं, आयेचंही. ‘कपापायी विलायत घालवलीस गं!’ म्हणून ती दिवसभर रडली. मला शिव्या घातल्या, जेवली नाही. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या महिन्यात ती दुसऱ्याच्या अंगणात खराटा घेऊन उभी राहिली. ते मला बघवत नाही. त्याचा दोष मी डॉक्टरांवर ठेवते, स्वतःवर नाही.

ते लोक गेले. मी एका दुसऱ्या दवाखान्यात आया म्हणून पुन्हा पहिल्यापासून लागले. पत्रासाठीच. वर्ष भरलं की मागणार. नाही दिलं तर तिसरा दवाखाना, चौथा दवाखाना. सिस्टर म्हणाली, नवा अर्ज मागवू. मी नको म्हणाले. हाच पाठवणार, डागासकट. कुणी विचारलं तर डाग कशाचा ते सांगणार.

विलायतेला गेले तर शिकायला जाईन. नाहीतर इथंच म्हातारी होईन. कुणाच्या सामानातून जाणार नाही.