साहेबांचा पट्टा, काकूंची वादी

शिवणकाकूंच्या दीड खोलीच्या घरात चार शिलाई मशिनं होती आणि चालत एकही नव्हतं. त्यातली तीन परदेशी मदतीतून आलेली, विजेवरची. त्यांच्या पिना इथल्या कुठल्याच भोकात बसत नसत. एकदा वायरमननं ओढूनताणून बसवल्या, तर मशिननं आधी धूर सोडला आणि मग अख्ख्या गल्लीची वीज घालवली. तेव्हापासून एकावर पाण्याची कळशी, एकावर सासूबाईंचा रेडिओ आणि एकावर नवऱ्याचं हेल्मेट. चौथं काकूंचं स्वतःचं, पायानं चालवायचं, लग्नाआधीपासूनचं. त्याच्या चाकावरून फिरणारी चामडी वादी शुक्रवारी तुटली.

आणि सोमवारी शाळेचे गणवेश द्यायचे होते! हेडबाईंनी आधीच बजावलं होतं, "काकू, या खेपेला उशीर झाला तर काम बाजारातल्या दुकानाला." शाळा गेली की काकूंच्या हाती उरणार होते फक्त उशांचे अभ्रे.

वादी काही सोन्याची नसते. पण ती विकणारा एकुलता एक दुकानदार आता मोबाइलची कव्हरं विकत होता. "नवं मशिन फुकट मिळतंय, मग जुन्याची वादी कोण घेणार, काकू? मी काय माश्या मारत बसू?" तो म्हणाला. काकू तडक मदतीच्या कार्यालयात गेल्या. तिथली दुभाषी मुलगी गोड होती.

"वादीची तरतूद नाही हो काकू. मशिनची आहे. देऊ का आणखी एक?"

नको, हा शब्द काकूंच्या अगदी ओठांवर आला होता. पण दारात आलेलं नाकारायचं त्यांना कधी जमलं नव्हतं. शिवाय फोटोत त्यांच्याइतकं कृतज्ञ हसणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं आणि या कीर्तीचा त्यांना थोडा माजही होता. झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी मशिन हजर. बरोबर फीत, कात्री, कॅमेरा, दुभाषी मुलगी आणि दाराच्या चौकटीहून वीतभर उंच असे परदेशी साहेब.

"आता हे कुठं ठेवायचं? माझ्या डोक्यावर?" सासूबाईंनी विचारलं. मुलीनं त्याचं भाषांतर 'आजींना फार आनंद झालाय' असं केलं.

साहेबांनी छोटंसं भाषण केलं. ज्यांच्याकडे जास्त आहे त्यांच्यावर, ज्यांच्याकडे कमी आहे त्यांची नैतिक जबाबदारी असते, असा त्याचा सारांश. मग फीत कापायला ते वाकले. फीत बांधली होती मशिनच्या पायाशी. टर्रर्र! फीत नव्हे, साहेबांची पँट, मागून, उभी.

साहेब भिंतीला पाठ लावून उभे राहिले ते हलेचनात. तासाभरात त्यांना पलीकडच्या वस्तीत नळाचं उद्घाटन करायचं होतं.

"काकू, शिवून द्या ना पटकन!" मुलगी काकुळतीला आली.

"अगं, त्यात काय, सुईदोऱ्यानं आत्ता..." सासूबाईंनी तोंड उघडलं. काकूंनी त्यांच्या पायावर असा पाय दिला की वाक्य तिथंच संपलं.

"हातशिलाई टिकायची नाही," काकू गंभीरपणे म्हणाल्या. "एवढ्या मोठ्या माणसाला मशिनचीच शिलाई हवी. नव्या मशिनवर घालू?"

नव्या मशिनची पिन नेहमीप्रमाणे भोकात बसेना. साहेबांनी स्वतः खटपट करून पाहिली, एका हातानं पँट मागून धरून. मग हरून ते मापं घ्यायच्या पडद्याआड गेले आणि पडदाच गुंडाळून बाहेर येऊन बसले. त्यावर मोठाली सूर्यफुलं होती. साहेबांना शोभत होती, खोटं कशाला बोला!

काकू समोर स्टूल घेऊन बसल्या. "पोरी, विचार त्यांना. फाटण्याच्या आधी आणि फाटल्यानंतर तुमच्या आयुष्यात काय फरक पडला?"

"काकू!"

"मला नाही का विचारत तुम्ही दर वेळी? विचार. आणि कसं वाकावं याचं प्रशिक्षण घ्यायला आवडेल का, तेही विचार."

मुलीनं विचारलं. साहेब आधी लाल झाले, मग एकदम इतके हसले की सूर्यफुलं हलायला लागली. ते काहीतरी बोलले.

"साहेब विचारतायत, तुम्हाला नक्की काय हवंय?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं. काकू क्षणभर गडबडल्या. मग त्यांनी पायमशिनचं उघडं चाक दाखवलं आणि नंतर खुंटीवरच्या पँटमधला रुंद चामडी पट्टा.

"तो बायकोनं दिलाय म्हणतात," मुलगी कुजबुजली.

"मग जबाबदारी नैतिक आहे की नुसती भाषणापुरती?"

हे मात्र तिनं जसंच्या तसं सांगितलं. साहेबांनी एक उसासा टाकला, पट्टा उपसला आणि काकूंच्या हातात दिला.

काकूंनी त्याच्या दोन लांब पट्ट्या कापल्या, तारेनं एकाला एक जोडल्या आणि चाकावर चढवल्या. मशिन खडखडलं, कुरकुरलं आणि धावलं. पँट दोन मिनिटांत शिवून झाली. पट्ट्याच्या जागी काकूंनी चांगली मजबूत नाडी ओवून दिली. ती धरून साहेब नळाच्या उद्घाटनाला गेले. सोमवारी शाळेत गणवेश पोचले. एक बाही उलटी लागली होती, पण तेवढं चालायचंच.

महिन्याभरानं कार्यालयाची गाडी पुन्हा दारात उभी राहिली. या वेळी खोका लहान होता. आत कोरे करकरीत पुरुषी कमरपट्टे, बकलावर संस्थेचं चिन्ह.

"साहेबांनी वर कळवलं," मुलगी अभिमानानं म्हणाली, "की इथं पट्ट्यानं फार फरक पडला."

"मग आता पँटी कधी येणार?" सासूबाईंनी विचारलं.

काकू मात्र धावत गल्लीत गेल्या आणि ज्यांची ज्यांची पायमशिनं कोपऱ्यात धूळ खात पडली होती, त्या सगळ्या बायकांना गोळा करून आल्या. जिच्या तिच्या हातात कात्री!

"थांबा, आधी फोटो!" मुलगी ओरडली. "वापरताना दिसले पाहिजेत."

तेव्हा सगळ्या जणी, सासूबाईंसकट, कमरेला पट्टे आवळून दारात ओळीनं उभ्या राहिल्या. काकू मधोमध उभ्या राहून नेहमीचं कृतज्ञ हसू चेहऱ्यावर आणत होत्या, पण शेजारणीचा पट्टा सुटून पायात पडला आणि त्यांना खरंच हसू फुटलं. फोटो हलला. दुसरा काढायला कोणी थांबलं नाही. कात्र्या केव्हाच चालू झाल्या होत्या.