नुसत्या उलट्या

खोटं बोलायच्या आधी ती बाई पदर तोंडाला लावायची. पुसायचं काही नसायचं, नुसता लावायची. मग खाली बघून म्हणायची, "काय न्हाई ओ. नुसत्या उलट्या होत्यात." इतकं सरळ म्हणायची की समोरचं पोरगं वहीत 'उलट्या' लिहून पुढं सरकायचं. मी मागं उभी राहून मनात म्हणायचे, गेला बाबा तुझा पेशंट.

मी सिस्टर. तीस वर्षं कॅज्युअल्टीत काढली. रिटायर झाल्यावर घरात बसवेना, म्हणून एका खासगी मेडिकल कॉलेजात लागले. तिथं डॉक्टर होणाऱ्या मुलांना इमर्जन्सीचे पहिले धडे देतात. शिकवायचे सर, मी त्यांच्या हाताखाली. आधी श्वास बघायचा, मग नाडी, छाती कशी दाबायची, सलाईन कुठं लावायचं, हे सगळं रबरी पुतळ्यावर.

एक आधीच सांगून ठेवते. कॅज्युअल्टीत तीस वर्षं काढलेल्या माणसाचा कुणावर विश्वास राहत नाही. जिन्यावरनं पडले म्हणणारी बाई जिन्यावरनं पडलेली नसते. फक्त एक पेग घेतला म्हणणाऱ्याला आपलं नाव सांगता येत नसतं. भेंडी कोवळी आहे असं भाजीवालीनं सांगितलं तरी मी चार शेंडे मोडून बघते. घरचे माझ्याबरोबर मंडईत यायचे बंद झालेत.

तर सरांनी एक नवा तास सुरू केला होता. पलंगावर पुतळा, तो म्हणजे आजारी मुलगी. शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत तिची आई. विद्यार्थ्याला दहा मिनिटं. मुलीनं विष घेतलंय आणि आई ते लपवते आहे, एवढीच गोष्ट. आईकडनं खरं काढून घेता आलं तर मुलगी वाचली. नाही आलं तर ती उलटीचं औषध घेऊन घरी गेली आणि संपली. तासाचा सगळा जीव त्या एका उत्तरात होता.

आईच्या कामासाठी सर नाटकातल्या बायका शोधत होते. ही आपण होऊन आली. कोल्हापुरात राजारामपुरीत साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. कॉलेजातल्या एका मॅडमची साडी द्यायला आली होती, तिथं तिच्या कानावर हे आलं. सरांनी विचारलं, नाटकात काम केलंय का कधी?

"न्हाई," ती म्हणाली. "पर खोटंच बोलायचं हाय न्हवं?"

सर हसले. मला काही हसू आलं नाही. मशीनवर साड्यांचा ढीग सोडून ही बाई आठवड्यातनं दोनदा बसनं एवढ्या लांब येणार, ती कशासाठी? नटायची हौस म्हणावी तर कधी केसावरनं हात फिरवलेला बघितला नाही. पाणी कुठंतरी मुरत होतं.

आईचं काम करणाऱ्या बाईला आम्ही एक चिठ्ठी द्यायचो. मुलीनं शेतातलं फवारणीचं औषध घेतलंय, विद्यार्थ्यानं दोनदा विचारलं की सांगून टाकायचं, असं त्यात लिहिलेलं. ही दोनदा विचारलं तरी सांगेना आणि पाचदा विचारलं तरी सांगेना. वर्गातली पहिल्या नंबरची पोरं रडकुंडीला आली. एका मुलीनं तर हात जोडले. बाईचं आपलं तेच, काय न्हाई ओ ताई. मुलं तक्रार घेऊन माझ्याकडं आली. मीही तयारच होते. तिला गाठलं आणि चिठ्ठी वाचता येते ना, असं जरा तोडूनच विचारलं.

"येती की," ती म्हणाली. "पर दोनदा इचारलं म्हणून कोण सांगतंय व्हय, सिस्टर?"

सरांना हे इतकं आवडलं की त्यांनी चिठ्ठीतली ती ओळच खोडली. मुलांचे हाल झाले, पण सर खूश. मी मात्र त्या दिवसापासनं तिच्यावर नजर ठेवली.

तुम्ही बघितलं असतं तर तुम्हालाही खटकलं असतं. मुलं पुतळ्याच्या छातीला वायरी लावून, काढून, तशीच उघडी टाकून जायची. ही खुर्चीतनं उठायची आणि पुतळ्याच्या अंगावर चादर ओढायची, पार पावलांपर्यंत. आता रबराला कसली आलीय लाज? एकदा तर तिनं त्याची मान एका अंगाला वळवून तोंड पुसलं. दारात मला बघितलं तेव्हा दचकली नाही, लाजली नाही. चादरीची दुसरी बाजूही नीट केली आणि पिशवी घेऊन गेली.

मग तिनं मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. सहज विचारल्यासारखं. सिस्टर, तुमी सकाळच्या पाळीला असायचा का दुपारच्या? कवापातूर होता तिथं? नोकरीत मी असल्या प्रश्नांना घाबरायला शिकलेली. असे प्रश्न वकील विचारतात. मी काही ताकास तूर लागू दिली नाही, पाळ्या बदलत असतात म्हणून मोकळी झाले. तिचा चेहरा कुठंतरी बघितलाय असं मलाही वाटायचं. पण कोल्हापुरात कुठला चेहरा ओळखीचा वाटत नाही? अर्धं गाव माझ्या डोळ्यांदेखत स्ट्रेचरवरनं आत गेलंय.

एकदा ती चहाला गेली होती तेव्हा मी तिची पिशवी उघडली. हो, उघडली. लपवून काय करू? मोबाईलवर आमचं बोलणं टिपून घेत असेल, नाहीतर कोर्टाचे कागद असतील, असं काय काय डोक्यात होतं. हाताला कात्री लागली, म्हटलं, सापडलं. पण फॉल लावणाऱ्या बाईच्या पिशवीत कात्री नसेल तर काय स्टेथोस्कोप असेल? खाली दोऱ्याची रिळं होती, फॉलच्या पट्ट्या होत्या आणि डब्यात भाकरी-चटणी. साप साप म्हणून भुई धोपटली. लाज वाटली, पण संशय गेला म्हणाल तर नाही.

शेवटी सरांकडं गेले. म्हटलं, ही बाई नाटक करत नाही, हिच्या घरात हे घडलंय. आणि ती इथं कुणालातरी शोधत आलीय, हिला बंद करा. सर म्हणाले, सिस्टर, तुम्ही आधी चहा घ्या. चहा घेतला आणि कामाला लागले.

परीक्षेचा दिवस आला. वर्गात शेवटून दुसरा एक मुलगा होता, गगनबावड्याकडचा. एकदा नापास झालेला, बोलताना मान खाली. हा काय दिवे लावणार, असं म्हणत मी मार्कांचा कागद घेऊन उभी राहिले. त्यानं श्वास बघितला, नाडी बघितली, सलाईन लावलं. सगळं बरोबर, पण संथ. वेळ चाललेला. मग तो आईकडं वळला. पलंगाभोवती नातेवाईक म्हणून आम्ही दोन मुलं उभी केली होती, त्यांना त्यानं बाहेर घालवलं. आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "सिस्टर, तुमी पण बाहेर जावा."

मी परीक्षक आहे म्हटलं. तो म्हणाला, व्हय, पर जावा. तीस वर्षांत मला कॅज्युअल्टीतनं कुणी बाहेर काढलं नव्हतं. चडफडत पडद्यामागं गेले आणि फटीला डोळा लावला. त्यानं बसायला स्टूल शोधलं, मिळालं नाही, तर पठ्ठ्या खाली फरशीवर बसला. बराच वेळ काही बोललाच नाही. मला वाटलं, विसरला.

"मावशी," मग तो म्हणाला, "बाहेर उभारल्यात त्यास्नी मी काय सांगणार न्हाई. पर पोरीला वाचवायला मला कळाय पायजे."

बाई खाली बघत होती. या वेळी पदराकडं हात गेला नाही.

"उंदराचं औषध," ती म्हणाली. "सकाळी. डबी मी टाकून दिली. बाहेर हाय त्येच्या गाडीतनं आणलंय हिला. त्यो हिचा सासरा हुणार हाय. त्येला कळलं तर लगीन मोडंल."

माझ्या हातातलं पेन थांबलं. चिठ्ठीत फवारणीचं औषध होतं. गाडी नव्हती, सासरा नव्हता, लग्न नव्हतं.

उंदराच्या औषधाचं एक फार वाईट असतं. पहिल्या दिवशी उलट्या होतात आणि थांबतात. माणूस बरं दिसतं, चहा मागतं. खरं माहीत नसेल तर डॉक्टर घरी पाठवतात. दोन-तीन दिवसांनी डोळे पिवळे व्हायला लागतात, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. तिची मुलगी अशी गेली, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

घंटा झाली. त्या मुलाला यातलं काही कळलं नाही, तो आपला पास झालो का म्हणून तोंडाकडं बघत निघून गेला. मी आत आले. ती चादर ओढत होती. मी म्हटलं, हे चिठ्ठीत नव्हतं. ती म्हणाली, नव्हतं. कुठल्या दवाखान्यात नेली होती, असं मी विचारलं. तिनं माझ्याच दवाखान्याचं नाव घेतलं.

"तुमीच इचारलेलं की मला, सिस्टर. सगळ्यांच्या म्होरं. काय घेतलंय का पोरीनं, खरं सांगा, न्हाईतर पोलीस केस हुईल, म्हणून. त्यो बाजूलाच उभारलेला. कसं सांगणार मी?"

वाक्य माझंच. त्यात शंका नाही. सगळी नोकरी मी ते तसंच विचारत आले, मोठ्यानं, एका हातानं बीपीचा पट्टा गुंडाळत, कारण दारात आणखी चार जण ताटकळत असतात. पण तो दिवस काही केल्या मला आठवेना. गाडीवाला माणूस आठवेना, मुलगी आठवेना. माझा संशय खरा निघाला होता, ती कुणालातरी शोधत होती, आणि ती मीच होते. समोरचं माणूस खोटं बोलतंय हे मला लगेच कळायचं, त्याचा केवढा तोरा होता मला. ते खरं कसं बोलेल हा विचार मी एकदाही केला नव्हता. फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

तरी जित्याची खोड. मी म्हटलं, "म्हणजे माझा सूड घ्यायला आला होता तुम्ही?"

ती चिडली. पहिल्यांदाच चिडलेली बघितली मी तिला.

"सूड घ्यायला बारा वर्सं थांबतंय व्हय कोण? तुमी हितं हाय हे मला आल्यावर कळलं. मी आल्ते ते बघायला, कुणाला इचारायला तरी येतंय का. आज आलं की एकाला."

पिशवी उचलून ती बसला गेली. त्या मुलाला मी त्या प्रश्नाचे पूर्ण मार्क दिले. सरांनी विचारलं, तुम्ही तर बाहेर होता म्हणे? म्हटलं, ऐकू येतं मला पडद्यामागनं.

पुढच्या तासाला ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. सरांनी फोन केला तर लगीनसराई आहे, सवड नाही म्हणाली. सरांना वाटलं, कुठं बसच्या भाड्याबिड्यावरनं नाराज झाली असेल. मी त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. तुम्हालाच सांगतेय. दुसऱ्या दोघी येऊन गेल्या, छान रडायच्या, आणि कुणी जरा आवाज चढवला की घडाघडा बोलायच्या.

महिनाभरानं मी एक कोरी साडी घेऊन राजारामपुरीत गेले. साडीला फॉल हवा होता असं नाही. तळमजल्याची खोली, दारातच मशीन. तिनं मला बघितलं, साडी हातात घेतली, काठ बघितला आणि कधी पाहिजे विचारलं, कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारतात तसं. गुरुवारपर्यंत म्हटलं. आता खरं तर माझं काम संपलं होतं. ती पुन्हा मशीन चालवायला लागली आणि मी तशीच उभी. चुकलं माझं, असं म्हणायचं ठरवून आले होते, रिक्षात दोनदा म्हणूनही बघितलं होतं. ते काही तोंडातनं निघेना. शेजारी एक पाट होता, तो ओढून बसले.

"मुलीचं नाव काय होतं?" मी विचारलं.

मशीन थांबलं.

"तुमीच लिवलं होतं की रजिस्टरला," ती म्हणाली.

बाहेर कुणीतरी गाडीला किक मारत होतं, गाडी चालू होत नव्हती. मग तिनं नाव सांगितलं. पूर्ण सांगितलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट, दवाखान्यात खिडकीवर सांगतात तसं. न विचारता वय सांगितलं, एकोणीस. माझा हात सवयीनं पर्समध्ये गेला होता, पेन शोधत होता. तो मी बाहेर काढला, मांडीवर ठेवला, आणि ती सांगत होती ते ऐकत बसले.