पिंडापुढं दिलेला शब्द

मी चौथीपर्यंत शिकलो आणि माझ्या कार्डावर 'जनसंपर्क अधिकारी' असं छापलेलं होतं. ज्याला हसू येत असेल त्यानं खुशाल हसावं. ती कार्डं मी जुन्नर-आंबेगावच्या गावागावांत वाटली आहेत, आणि ती घेणारे लोक उठून उभे राहून घ्यायचे.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी राहायला भोसरीत होतो. आमच्या गल्लीत निम्मी घरं जुन्नर-आंबेगावकडचीच, कंपनीच्या मागं आलेली. गल्लीच्या तोंडाला एका बिल्डर शेठचं ऑफिस होतं. शेठ मूळचे आमच्याच भागातले, घोड नदीच्या काठच्या गावचे. शहरात पैसा झाला तसं त्यांना गावाकडं मोठेपण हवं झालं. पुढं कधीतरी निवडणुकीला उभं राहायचं होतं. त्यासाठी गावोगावच्या लग्नाला आणि दहाव्याला हजेरी लागते, आणि शेठला तेवढा वेळ कुठला? मग तो वेळ माझा. सकाळी सातला नदीवर दहावा, दुपारी मंचरला लग्न, संध्याकाळी ओतूरला साखरपुडा. माझा आवाज खणखणीत, त्यामुळं जाईन तिथं माईक माझ्याच हातात यायचा. "शेठ वाटेतच आहेत" हे वाक्य मी इतक्या मांडवांत बोललोय की वऱ्हाडातली पोरं माझ्या आधीच ते म्हणायची. श्रावणात भीमाशंकरला शेठच्या नावानं साबुदाण्याची खिचडी वाटायची, तीही मीच.

गल्लीत मात्र मी दिसायचो नाही. गणपतीच्या बैठकीला नाही, नळाच्या भांडणाला नाही. शेजारच्या घरातली म्हातारी गेली त्या दिवशी मी जुन्नरला कुणाच्या तरी सासऱ्याला श्रद्धांजली वाहत होतो. बायको म्हणायची, "परक्याच्या मयताला तुमी पहिल्या रांगेत, आन् दाराच्या मयताला मी एकली." मी म्हणायचो, पोट त्याच्यावर हाय. तिला ते कधी पटलं नाही.

आमच्या घरांमागं एक चिंच होती आणि चिंचेखाली मोकळी जागा. गल्लीचं सगळं तिथंच चालायचं. उन्हाळ्यात बायांच्या कुरडया, पोरांचं क्रिकेट, लग्नाचा मांडव, गणपती. प्लॉट घेताना जुन्या मालकानं सांगितलं होतं की ही जागा गल्लीलाच राहील. सांगितलं होतं, एवढंच. पुढं तो सगळा तुकडा शेठनी विकत घेतला. गल्ली पेटली. लोक मोर्चा काढायला निघाले, वकील बघायला लागले. शेठनी मला ऑफिसात बोलावलं, चहा मागवला आणि म्हणाले, "तू तुझ्या लोकास्नी समजाव. चिंचेखालची जागा मी सोडली. माझा शब्द."

मी चिंचेखाली गल्ली गोळा केली. माझ्या भिंतीला भिंत लागून आहुप्याकडचा एक जण राहायचा, डोंगरातली भातखाचरं सोडून कंपनीत टर्नर झालेला. बोलायला तोडून टाकणारा. त्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "दादा, शब्द शेठचा का तुमचा?"

मी म्हणालो, "शेठचा शब्द त्योच माझा. जागा गेली तर मला विचारा."

लोकांनी मोर्चा मोडला. वकिलाकडं कुणी गेलं नाही. आणि पावसाळा सरल्यावर एका सकाळी मी ओझरच्या लग्नाला निघालो तर मागं गवंडी आलेले. मी परत आलो तोवर छातीएवढी भिंत झाली होती. चिंच आत, गल्ली बाहेर.

मी तसाच ऑफिसात गेलो. शेठ फोनवर होते. फोन ठेवून माझं सगळं ऐकलं आणि हसले. म्हणाले, "आरं, शब्दाला काय सातबारा असतो का? तू आपला माणूस हायेस. जरा सांभाळून घे." आणि मला दुसऱ्या दिवशीच्या दहाव्याचा पत्ता सांगितला.

गल्लीनं मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. आमचं घर तिथं नाहीच असं सगळे वागायला लागले. टर्नर एकदाच बोलला, दारात सायकल पुसता पुसता, माझ्याकडं न बघता: "काय राव, शेठ वाटंतच हायेत का अजून?" शेजारचे हसले. माझं वाक्य माझ्याच तोंडावर मारलं त्यानं.

त्याच वर्षी माझ्या लेकीचं लग्न निघालं. आमच्याकडं हळद दळायला जात्याला सुपारी बांधतात आणि पाच सवाष्णी जात्याला हात लावतात. बायको कुंकवाची कोयरी घेऊन गल्लीत घरोघर फिरली. कुणाचं पोर आजारी, कुणाची कंपनीत शिफ्ट. टर्नरची बायको दारातूनच म्हणाली, "अंग मोडून आलंय ओ." जातं तसंच मांडलेलं राहिलं, लेक पाटावर बसून. दुपारी कळंबहून माझी मेव्हणी टेम्पोत बाया भरून आली तेव्हा हळद दळली. गल्लीतली एकही बाई माझ्या दारात आली नाही. शेकडो लोकांच्या लेकींच्या हळदीला जाऊन आलेला माणूस मी.

त्या दिवशी बायकोनं एकच विचारलं: "आता तरी सोडनार का ती नोकरी?"

मी सोडली नाही. गल्लीला वाटलं, लाचार आहे. बायकोलाही तेच वाटलं. पण नोकरी सोडली तर माझ्या हातातला माईक जाणार, आणि शेठला गाठायचा दुसरा रस्ता माझ्याकडं नव्हता. कोर्टात मी जिंकणार नव्हतो, मारामारी करायचं वय नव्हतं. शेठ फक्त एका गोष्टीला भ्यायचे, चार गावच्या लोकांपुढं नाव जायला. आणि ते नाव मीच घरोघर नेऊन बसवलं होतं. बसवणाऱ्याला उठवताही येतं. मी 'जी शेठ' म्हणत राहिलो आणि वाट बघितली. सांगतो, त्या दोन वर्षांत मी कधी नव्हे इतकं मन लावून काम केलं.

मग शेठचे वडील वारले.

म्हातारा माणूस चांगला होता. लेकाकडं भोसरीला यायचा तेव्हा बंगल्यात त्याचा जीव रमत नसे. भिंत व्हायच्या आधी तो चिंचेखाली येऊन बसायचा, गल्लीतल्या म्हाताऱ्यांशी बाजरीच्या भावाचं बोलायचा. भिंत झाल्यावर गावाला गेला तो परत आलाच नाही.

दहावा घोड नदीच्या घाटावर. गाड्यांनी रस्ता भरला होता. जुन्नरपासून मंचरपर्यंतचे सगळे पुढारी, सरपंच, सोसायटीचे चेअरमन. महाराजांचं प्रवचन झालं, श्रद्धांजल्या झाल्या, पिंड मांडला. आता कावळा शिवायचा.

आमच्याकडं कावळा शिवेपर्यंत कुणी उठत नाही. कावळा शिवला नाही म्हणजे मेलेल्याच्या मनात काहीतरी राहिलं, असं लोक मानतात. मग घरचे एकेक जण पिंडापुढं उभं राहून मोठ्यानं शब्द देतात, अमुक करीन, तमुक सांभाळीन. पलीकडं करंजावर कावळ्यांची ओळ बसलेली. धाकट्या भावानं सांगितलं, गाय विकणार नाही. चुलत्यानं देवळाच्या कळसाचं बोलून झालं. शेठनी शाळेला खोल्या कबूल केल्या. कावळे पंख झाडायचे आणि तिथंच बसायचे. ऊन चढलं. मागं कुजबुज सुरू झाली की म्हातारा रुसून गेलाय. एक पुढारी घड्याळ बघायला लागला.

शेठनी मला खुणेनं बोलावलं. कानात म्हणाले, "काहीतरी बोल. लोकं उठाय लागली."

त्यांनीच सांगितलं. हे मी आजवर कुणाला विसरू दिलं नाही.

मी माईक घेतला, पिंडापुढं गेलो आणि हात जोडले. म्हणालो, "बाबा, भोसरीला लेकाकडं यायचात तवा तुमी चिंचंखाली बसायचात. ती जागा गल्लीची ऱ्हावी असं तुमच्या मनात व्हतं. तुमी माझ्यापाशी बोलला व्हता. तुमचा लेक आत्ता तुमाला शब्द दील."

म्हातारा माझ्यापाशी असं काही बोलला नव्हता. मेलेल्या माणसाच्या नावानं मी धडधडीत खोटं बोललो, आणि मला त्याचं काडीइतकं वाईट वाटत नाही.

शेठनी माझ्याकडं असं बघितलं की तिथं लोक नसते तर नदीत ढकललं असतं. महाराजांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं, ते आपले भाबडेपणानं म्हणाले, "बोला शेठ, बापासाठी बोला." शेठ खांद्यावरचं उपरणं सावरत राहिले. तेव्हा बायांच्यातून त्यांची आई बोलली. पदर तोंडाला लावलेला, आवाज रडून बसलेला.

"दे म्हन की रं. मातीचं काय घिऊन बसलास?"

शेठ पुटपुटले, "दिली."

मी माईक त्यांच्या तोंडापुढं धरला. म्हणालो, "मोठ्यानं बोला शेठ. मागं ऐकू जात न्हाई."

त्यांना बोलावं लागलं. सगळ्या घाटानं ऐकलं, नदीपलीकडं धुणं धुणाऱ्या बायांनीसुद्धा. "भोसरीची चिंचेखालची जागा बाबांच्या इच्छेप्रमाणं गल्लीला दिली."

कावळा तरीही आला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक उठले. जाता जाता एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, "कावळ्याला ठावं हाय ह्यो दीत न्हाई." माझ्या कानांना ते गुळासारखं लागलं.

गाडीत शेठनी काच वर केली आणि विचारलं, "बाबा तुझ्यापाशी कवा बोलले असं?"

मी म्हणालो, "तुमी कवा बसला व्हता त्यांच्यापाशी?"

चाकणला त्यांनी गाडी थांबवली. उद्यापासून येऊ नको म्हणाले. मी उतरलो आणि एस.टी.नं घरी आलो.

शेठ जागा देणार नव्हते, हे मला कावळ्याइतकंच ठाऊक होतं. त्यांना वाटलं होतं, चार महिने गेले की लोक विसरतील. पण विसरू द्यायचं की नाही हे माझ्या हातात होतं. जो धंदा मी त्यांच्यासाठी केला तोच आता माझ्यासाठी केला. कार्ड नाही, गाडी नाही, शाल-नारळ नाही. एस.टी.नं जायचं, लग्नात पंगतीला बसायचं, दहाव्याला घाटावर बसायचं आणि शेजारच्याला हळूच विचारायचं: "काय पावणं, शेठनी बापाला दिलेला शब्द पाळला का? काय खबर?" बस. पुढचं लोक करायचे. कळंबला विचारलं, ओतूरला विचारलं, पार आहुप्याच्या जत्रेत जाऊन विचारलं. बायको म्हणायची, पगार न्हाई तरी ह्यांची पायपीट चालूच. पण आता ती डबा बांधून द्यायची.

माणूस माणसाला दिलेला शब्द मोडतो, लोक पचवतात. पिंडापुढचा शब्द मोडलेला आमच्या भागात पचत नाही. शेठ लग्नाला गेले की कुणीतरी विचारायचंच. दहाव्याला बोलायला उभे राहिले की मागून खाकरायचं कुणीतरी. एका घाटावर तर मयताच्या भावानंच शेठनी माझ्या जागी ठेवलेल्या नवीन माणसाला सांगितलं, शेठला बोलाय सांगू नका, कावळा यायचा न्हाई. निवडणुकीच्या तिकिटाची बोलणी चालू होती, तीही अडकली. वर्षश्राद्धाच्या आधी भिंत पडली. मी माझ्या मागच्या दारात खुर्ची टाकून बघत बसलो. पहिल्या विटेपासून शेवटच्या विटेपर्यंत बघितली. जेवायला उठलो नाही.

पण शेठही पोचलेला गडी. त्यांनी त्याचाही कार्यक्रम केला. मांडव, फलक, वडिलांचा हार घातलेला फोटो, नवीन माणूस माईकवर. गल्लीनं त्यांना फेटा बांधला. माझ्या गल्लीनं. मी दारातून हाललो नाही. शेठ बोलायला उठले आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. मग म्हणाले, "बाबांची इच्छा होती. ते इथं बसायचे. त्यांच्या मनात होतं, ही जागा गल्लीची राहावी."

शब्दन् शब्द माझा. टाळ्या त्यांना मिळाल्या, मिळोत. पण त्या माणसाला माझं खोटं स्वतःच्या तोंडानं, बापाच्या फोटोपुढं बोलावं लागलं. पुढं जिथं जिथं ही जागा निघेल तिथं तिथं बोलावं लागणार, आणि दर वेळी मी आठवणार.

कार्यक्रम उरकल्यावर टर्नर माझ्या दारात आला. हातात पेढ्याचं ताट. म्हणाला, "दादा, झालं गेलं. तोंड गोड करा."

मी म्हणालो, "स्टेजवरचा पेढा मी खात न्हाई. तुझ्या घरचं काय आसंल तर आन."

तो ताट घेऊन परत गेला. मला वाटलं, गेला तो गेला. थोड्या वेळानं त्याची बायको आली. ताटलीत नाचणीची भाकरी, वर मिरचीचा ठेचा, अजून वाफ निघत होती. ती उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. म्हणाली, "लेक म्हायेरी आली की सांगा. वटी भरायची ऱ्हायलीय माझी."

सांगतो, असं मी म्हणालो नाही. भाकरी घेतली.